कार्यस्थळ प्रथमोपचार परीक्षा

कार्यस्थळ प्रथमोपचार परीक्षा म्हणजे कारखाना, कार्यशाळा, बांधकाम, वाहतूक, वीजपुरवठा इत्यादी कामाच्या ठिकाणी अपघात घडल्यास किंवा एखाद्यास अचानक आजारपण आल्यास, वैद्यकीय मदत मिळेपर्यंत करावयाच्या उपचारांचे ज्ञान व कौशल्य तपासणारी परीक्षा होय. ती उत्तीर्ण होणाऱ्यास प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र मिळते. भारतात असे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांत सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही सर्वांत परिचित संस्था असून भारतीय रेडक्रॉस सोसायटीच्या शाखांमार्फतही प्रथमोपचाराचे प्रशिक्षण दिले जाते. हे प्रमाणपत्र वैद्यकीय पदवी किंवा परवाना नव्हे. प्रमाणपत्रधारकाने रोगनिदान करणे किंवा औषधे लिहून देणे अपेक्षित नसते. जीव वाचवणे, प्रकृती अधिक बिघडू न देणे आणि रुग्णास योग्य ठिकाणी सुरक्षित पोहोचवणे, एवढीच त्याची मर्यादा आणि तेवढेच त्याचे कर्तव्य असते.

या लेखात परीक्षेचा इतिहास, तिच्यामागील कायदा, अभ्यासक्रम आणि तयारी यांचा परिचय महाराष्ट्राच्या, विशेषतः अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात दिला आहे.

इतिहास

रणभूमीवरील जखमींना तत्काळ मदत मिळावी, या गरजेतून आधुनिक प्रथमोपचाराचा उगम झाला. १८५९ साली झालेल्या सोल्फेरिनोच्या लढाईतील जखमींचे हाल पाहून स्वित्झर्लंडच्या आंरी द्युनाँ यांनी जी चळवळ उभी केली, तिच्यातून रेडक्रॉसची स्थापना झाली. जर्मन लष्करी शल्यचिकित्सक फ्रीडरिश फॉन एस्मार्क यांनी त्रिकोणी पट्टीचा वापर रूढ केला आणि सामान्य नागरिकांसाठी प्रथमोपचाराची व्याख्याने दिली.

युद्धभूमीवरचे हे ज्ञान कामगारांपर्यंत नेण्याचे श्रेय इंग्लंडमधील सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशनकडे जाते. १८७७ साली स्थापन झालेल्या या संस्थेने खाणी, रेल्वे आणि कारखाने असलेल्या गावांत वर्ग सुरू केले. लष्करी शल्यचिकित्सक पीटर शेफर्ड यांनी १८७८ साली लंडनजवळील वुलिच येथे नागरिकांसाठी आरंभीचा वर्ग घेतला. पुढच्याच वर्षी जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतील इसांडलवानाच्या लढाईत ते मारले गेले. त्यांनी आखलेली व्याख्याने पुढे पाठ्यपुस्तकाच्या रूपाने जगभर गेली. व्याख्याने, प्रात्यक्षिके आणि शेवटी परीक्षा हा आजही चालू असलेला क्रम त्याच काळातला आहे.

सेंट जॉनचे कार्य विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात रुजले आणि १९२० साली स्वतंत्र कायद्यान्वये भारतीय रेडक्रॉस सोसायटीची स्थापना झाली. सेंट जॉनच्या जुन्या पद्धतीत पहिल्या परीक्षेनंतर प्रमाणपत्र, पुनर्परीक्षेनंतर व्हाउचर आणि त्यापुढील परीक्षेनंतर पदक असा क्रम होता. एकदा शिकलेले कौशल्य सरावावाचून टिकत नाही, ही जाणीव त्या रचनेतच होती.

परीक्षेतील उत्तरेही काळानुसार बदलली. कृत्रिम श्वसनासाठी प्रथम रुग्णास पालथे झोपवून पाठीवर दाब देण्याची शेफर पद्धत आणि नंतर होल्गर निल्सन पद्धत शिकवली जाई. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तोंडाने श्वास देण्याची पद्धत आणि १९६० साली बंद छातीवर दाब देण्याची पद्धत पुढे आली. या दोहोंच्या संयोगातून आजचे हृदय-फुफ्फुस पुनरुज्जीवन, म्हणजे सीपीआर, सिद्ध झाले.

कायदेशीर तरतुदी

कारखाने अधिनियम, १९४८ हा कायदा १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४५ मध्ये पुढील तरतुदी होत्या :

* एका वेळी सामान्यतः कामावर असणाऱ्या दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी असावी आणि कामाच्या सर्व वेळेत ती सहज हाती लागावी.
* पेटीत विहित वस्तूंखेरीज अन्य काहीही ठेवू नये.
* प्रत्येक पेटी स्वतंत्र जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी. त्या व्यक्तीकडे राज्य शासनाने मान्य केलेले प्रथमोपचार प्रमाणपत्र असावे आणि कामाच्या वेळेत ती नेहमी उपलब्ध असावी.
* ५००पेक्षा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात विहित साधनसामग्री व कर्मचारी असलेली रुग्णवाहिका खोली असावी.

यातील तिसऱ्या तरतुदीमुळे प्रथमोपचार परीक्षेला कारखान्यात कायमचे स्थान मिळाले. तिचा व्यवहारातील अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होतो. एखाद्या साखर कारखान्यात हंगामात एका पाळीत ४५० कामगार असतील, तर तेथे किमान तीन पेट्या आणि त्यांच्यासाठी तीन प्रमाणपत्रधारक लागतात. कारखाना तिन्ही पाळ्यांत चालत असल्यास ही संख्या नऊ होते. साप्ताहिक सुटी व रजेच्या दिवशी बदली म्हणून आणखी काही जण तयार ठेवावे लागतात. दिवसपाळीतील दोन-तीन जणांना प्रमाणपत्र देऊन भागत नाही, कारण रात्रपाळीतही यंत्रे तीच असतात आणि डॉक्टर मात्र दूर असतो.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने कारखाने अधिनियमासह अनेक कामगार कायद्यांची जागा घेतली. प्रथमोपचार पेट्या आणि ५००हून अधिक कामगारांसाठी रुग्णवाहिका खोली या सुविधा संहितेतही आहेत. महाराष्ट्रात कारखान्यांची तपासणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयामार्फत होते.

अन्य क्षेत्रांतही अशा तरतुदी आढळतात. राज्यातील बसवाहकाच्या परवान्यासाठी, म्हणजे बोलीभाषेतील ‘कंडक्टर बॅज’साठी, प्रथमोपचार प्रमाणपत्र लागते. वीज नियमांनुसार विद्युत केंद्रांत विजेचा धक्का बसलेल्या व्यक्तीस शुद्धीवर आणण्याच्या सूचनांचा तक्ता स्थानिक भाषेसह लावावा लागतो.

अपघातग्रस्तास मदत केल्यास पोलीस चौकशी मागे लागेल, या भीतीने अनेक जण पुढे येत नसत. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३४अ समाविष्ट होऊन, रस्ते अपघातात सद्‌हेतूने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण मिळाले.

अहिल्यानगर जिल्ह्यातील संदर्भ

अहिल्यानगर हा १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा, राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्यात १४ तालुके असून २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहमदनगरऐवजी अहिल्यानगर करण्यात आले. अकोल्याच्या डोंगराळ भागापासून जामखेडच्या कोरडवाहू पट्ट्यापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात अपघातस्थळ व मोठे रुग्णालय यांतील अंतर अनेकदा बरेच असते. त्यामुळे डॉक्टर भेटण्यापूर्वीच्या मिनिटांना येथे विशेष महत्त्व येते.

साखर उद्योग : लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या या कारखान्यानंतर कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, श्रीगोंदा आदी तालुक्यांत सहकारी कारखाने निघाले. गव्हाणीत किंवा पट्ट्यात हातपाय अडकणे, वाफेने व उकळत्या रसाने भाजणे, उंचावरून पडणे, विजेचा धक्का बसणे आणि मळीच्या टाकीत गुदमरणे हे साखर कारखान्यांतील ठळक धोके होत.

ऊसतोड : ऊस ज्या फडात तोडला जातो, तो फड मात्र कायद्याच्या व्याख्येत कारखाना ठरत नाही. त्यामुळे कलम ४५ची पेटी व प्रमाणपत्रधारक या तरतुदी फडापर्यंत पोहोचल्या नाहीत. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून येणाऱ्या ऊसतोड कामगारांना कोयत्याचा घाव, मोळी वाहताना पडणे, ट्रॅक्टर-ट्रॉलीचे अपघात आणि कोपीत जमिनीवर झोपल्यामुळे होणारे सर्पदंश यांना तोंड द्यावे लागते. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असल्याने वन्यप्राण्यांच्या हल्ल्याचा धोकाही असतो. टोळीचा मुकादम, ट्रॅक्टरचालक किंवा टोळीतील एखादी स्त्री यांनी प्रथमोपचार शिकून घेतल्यास ही उणीव काही अंशी भरून निघू शकते.

औद्योगिक वसाहती : अहिल्यानगर शहराजवळील नागापूर, पारनेर तालुक्यातील सुपे आणि श्रीरामपूर येथे औद्योगिक वसाहती आहेत. धातुकाम व सुट्या भागांच्या कारखान्यांत पॉवर प्रेसखाली बोटे सापडणे, डोळ्यांत कण जाणे आणि रसायनांनी भाजणे या प्रसंगांची तयारी तेथील प्रशिक्षणात महत्त्वाची ठरते.

एसटी : राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी अहमदनगर–पुणे मार्गावर धावली. वाहकाच्या परवान्यासाठी प्रथमोपचार प्रमाणपत्र लागत असल्याने जिल्ह्यातील अनेक तरुणांचा या परीक्षेशी पहिला संबंध एसटीतील नोकरीच्या निमित्ताने येतो.

वाकडी दुर्घटना : एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातील वाकडी येथे शेणाच्या स्लरीने भरलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. ते काढण्यासाठी आणि नंतर एकमेकांना वाचवण्यासाठी एकामागून एक उतरलेल्या पाच जणांचा मृत्यू झाला. कमरेला दोर बांधून उतरलेली एक व्यक्ती वाचली. मळीच्या टाक्या, सांडपाण्याचे खड्डे, बायोगॅसचे खड्डे आणि जुन्या विहिरी यांत विषारी वायू साचतो आणि प्राणवायू कमी होतो. पहिला माणूस कोसळल्यावर दुसरा धावतो आणि तोही कोसळतो. ‘आधी स्वतःची सुरक्षितता’ हा प्रथमोपचाराचा पहिला नियम स्वार्थाचा वाटू शकतो. तो बळींची संख्या वाढू नये म्हणून आहे, हे या घटनेवरून लक्षात येते.

परीक्षेचे स्वरूप

अभ्यासवर्गाचा कालावधी व परीक्षेची मांडणी संस्थेनुसार बदलते. सामान्यतः लेखी किंवा तोंडी भाग आणि प्रात्यक्षिक असे दोन विभाग असतात. वर्गात शिकवणाऱ्याने परीक्षा न घेता दुसऱ्या डॉक्टरने ती घ्यावी, ही सेंट जॉनची जुनी प्रथा आहे.

प्रात्यक्षिकात पट्ट्या बांधणे, मोडलेल्या हाडास आधार देणे, पुतळ्यावर सीपीआर करून दाखवणे आणि रुग्ण उचलून नेणे यांचा समावेश असतो. पुष्कळदा एखादा प्रसंग सांगून कृती करण्यास सांगितले जाते. उदाहरणार्थ, ‘वेल्डिंग करणारा कामगार खाली कोसळला आहे, वायर अजून त्याच्या हातात आहे.’ अशा प्रश्नात परीक्षक पहिली कृती पाहतो. विजेचा प्रवाह बंद न करता रुग्णास हात लावणारा उमेदवार तेथेच चुकतो, मग पुढची पट्टी कितीही सुबक असो.

अभ्यासक्रम

प्रसंगाचा क्रम

कोणत्याही प्रसंगी कृतीचा क्रम ठरलेला असतो : धोका आहे का ते पाहणे, रुग्ण प्रतिसाद देतो का ते पाहणे, मदत मागवणे, श्वासमार्ग मोकळा करणे, श्वसन तपासणे, आणि तीव्र रक्तस्राव थांबवणे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. ११२ हा सर्व आपत्कालीन सेवांसाठीचा क्रमांक आहे. ‘कोणीतरी फोन करा’ असे न म्हणता एका व्यक्तीकडे बोट दाखवून तिला काम सोपवावे, असे प्रशिक्षणात शिकवले जाते. गर्दीत सर्वांना सांगितलेले काम बहुधा कोणीच करत नाही.

हृदय-फुफ्फुस पुनरुज्जीवन (सीपीआर)

रुग्ण बेशुद्ध असून नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर दोन्ही हातांनी दाब दिला जातो. प्रौढ व्यक्तीत हा दाब किमान ५ सेंटीमीटर खोल असावा, मात्र ६ सेंटीमीटरहून अधिक नसावा. वेग मिनिटाला १०० ते १२० असावा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. प्रशिक्षित व्यक्ती ३० दाबांनंतर दोन श्वास देते. श्वास देणे शक्य नसल्यास केवळ छातीदाब चालू ठेवावा. दर दोन मिनिटांनी दाब देणारी व्यक्ती बदलावी, कारण थकव्याने दाबाची खोली कमी होते. अधूनमधून येणारी आचक्यासारखी धाप हे श्वसन नव्हे, हा मुद्दा परीक्षेत आणि प्रत्यक्षातही निर्णायक ठरतो.

रक्तस्राव व तुटलेला अवयव

जखमेवर स्वच्छ कापडाने थेट व सलग दाब देणे हा मुख्य उपचार होय. कापड भिजले तरी ते न काढता त्यावर दुसरे ठेवून दाब चालू ठेवतात. दाबाने न थांबणाऱ्या, जीव धोक्यात आणणाऱ्या हातापायाच्या रक्तस्रावात प्रशिक्षित व्यक्तीने जखमेच्या वरच्या बाजूस आवळपट्टी बांधून तिची वेळ लिहून ठेवावी. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकल्यास ते पुन्हा जोडण्याची शक्यता कमी होते.

भाजणे

भाजलेल्या भागावर सुमारे २० मिनिटे वाहते थंड पाणी सोडणे, अंगठ्या-बांगड्या सूज येण्यापूर्वी काढणे आणि भाग स्वच्छ, न चिकटणाऱ्या आवरणाने झाकणे एवढेच करावयाचे असते. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप किंवा हळद लावू नये. चिकटलेले कपडे ओढू नयेत आणि फोड फोडू नयेत. रसायनाने भाजल्यास दूषित कपडे काढून भरपूर पाण्याने दीर्घकाळ धुवावे.

अस्थिभंग

मोडलेला अवयव सरळ करण्याचा प्रयत्न न करता आहे त्या स्थितीत स्थिर करतात. फळी नसल्यास छत्री, काठी किंवा जाड घडी घातलेले वर्तमानपत्रही चालते. सुमारे एक मीटर चौरस कापड कर्णावर कापले की दोन त्रिकोणी पट्ट्या मिळतात. त्यांची झोळी, रुंद पट्टी किंवा अरुंद पट्टी करता येते. मणक्यास इजा झाल्याची शंका असल्यास, जिवास तातडीचा धोका नसताना रुग्णास हलवू नये.

सर्पदंश

नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे राज्यातील चार प्रमुख विषारी साप होत. रुग्णास धीर देणे, चालू न देणे, दंश झालेला अवयव अस्थिभंगाप्रमाणे स्थिर ठेवणे, अंगठ्या-कडी काढणे आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात त्वरित नेणे हा योग्य क्रम आहे. दोरीने आवळून बांधणे, ब्लेडने चीर देणे, तोंडाने विष ओढणे, मांत्रिकाकडे नेणे किंवा साप पकडण्यात वेळ घालवणे घातक ठरते. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो आणि तो फारसा दुखत नाही. त्यामुळे जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीस पहाटे पापण्या जड होणे, गिळता न येणे किंवा पोटात दुखणे अशी लक्षणे दिसल्यास सर्पदंशाची शंका घ्यावी.

या विषयात जुनी नियमावली व आजचे वैद्यकशास्त्र यांतील फरक विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्याजोगा आहे. अनेक राज्यांच्या कारखाना नियमांतील पेटीच्या पारंपरिक यादीत सर्पदंशासाठी चीर देण्याचे छोटे पाते आणि पोटॅशियम परमँगनेटचे स्फटिक होते. त्या काळी ते मान्य उपचार होते. आज दोन्ही त्याज्य मानले जातात.

विंचूदंश व कीटकनाशकांची विषबाधा

विंचूदंशानंतर भरपूर घाम येणे, हातपाय गार पडणे, उलट्या होणे ही गंभीर लक्षणे होत. महाड येथील डॉ. हिंमतराव बावसकर यांच्या संशोधनामुळे प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ होऊन मृत्यूंचे प्रमाण घटले. मात्र हा उपचार डॉक्टरांनीच करावयाचा असतो. फवारणीतील विषबाधेचे गांभीर्य २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडल्याने राज्यासमोर आले. अशा वेळी रुग्णास मोकळ्या हवेत आणून, कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे. मदतनीसाने हातमोजे वापरावेत. उलटी करवू नये आणि औषधाची बाटली किंवा वेष्टन रुग्णालयात सोबत न्यावे.

परीक्षेची तयारी

परीक्षेची तयारी पुस्तकापेक्षा हातांनी अधिक होते. अनुभवी प्रशिक्षक पुढील गोष्टींवर भर देतात :

* क्रम आधी, तपशील नंतर : प्रत्येक विषय ‘प्रथम काय, मग काय, काय करू नये’ अशा तीन ओळींत मांडून पाठ करणे.
* जोडीने सराव : एकाने रुग्ण व्हावे, दुसऱ्याने उपचार करावेत, तिसऱ्याने चुका टिपाव्यात. स्वतःच्या गुडघ्यावर बांधलेली पट्टी आणि दुसऱ्याच्या कोपरावर बांधलेली पट्टी यांत मोठा फरक असतो.
* मोठ्याने बोलत कृती करणे : ‘मी आता वीज बंद करत आहे’ असे बोलून दाखवल्याने परीक्षकास क्रम समजतो आणि उमेदवाराच्याही मनात तो पक्का होतो.
* आपल्या कामाच्या जागेचा अभ्यास : पेटी कोठे आहे, मुख्य स्विच कोठे आहे, रुग्णवाहिका कोणत्या दाराने येईल आणि रात्री सर्वांत जवळचे चालू रुग्णालय कोणते, याची नोंद वहीत करणे.
* संख्या अचूक लक्षात ठेवणे : दाबांचा वेग व खोली, ३० व २ हे प्रमाण, थंड पाण्याची मिनिटे यांवर तोंडी प्रश्न हमखास येतात.

मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना ‘शॉक’ या शब्दाचा घोटाळा हमखास होतो. बोलीत विजेचा धक्का, दुःखद बातमीने बसलेला धक्का आणि रक्ताभिसरण कोलमडल्याने येणारी गंभीर अवस्था या तिन्हींसाठी हा एकच शब्द वापरतात. परीक्षेत ‘शॉकची लक्षणे’ विचारल्यास तिसरा अर्थ अभिप्रेत असतो : त्वचा गार व घामेजलेली, नाडी जलद व क्षीण, श्वास उथळ, तहान आणि अस्वस्थता. अशा रुग्णास आडवे झोपवून ऊब द्यावी. तोंडाने काहीही देऊ नये.

‘फिट’ आलेल्या व्यक्तीस कांदा किंवा चप्पल हुंगवणे, दातांत चमचा घालणे, बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी ओतणे हे समाजात रुजलेले प्रकारही परीक्षेत चुकीच्या पर्यायांच्या रूपाने येतात. फिट चालू असताना आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करणे, डोक्याखाली मऊ काही ठेवणे आणि झटके थांबल्यावर रुग्णास कुशीवर वळवणे हे योग्य उत्तर आहे.

वारंवार होणाऱ्या चुका

* जागेची सुरक्षितता न पाहता थेट रुग्णाकडे धावणे.
* रुग्णवाहिका बोलावण्याचे विसरणे, किंवा बोलावल्याचे परीक्षकास न सांगणे.
* छातीवर दाब देताना कोपर वाकवणे आणि प्रत्येक दाबानंतर छाती वर येऊ न देणे.
* पट्टी इतकी घट्ट बांधणे की बोटे निळी पडावीत. बांधल्यानंतर बोटांचा रंग, ऊब व संवेदना न तपासणे.
* सर्पदंश व तीव्र रक्तस्राव या दोन्ही प्रसंगी आवळपट्टी बांधणे. दुसऱ्या प्रसंगी ती जीव वाचवू शकते, पहिल्या प्रसंगी अवयव गमवावा लागू शकतो.
* पेटीत डोकेदुखी-तापाच्या गोळ्या भरून ठेवणे.

मर्यादा व महत्त्व

प्रमाणपत्राची परीक्षा एका दिवसाची असते, पण त्याची खरी कसोटी कधी लागेल हे सांगता येत नाही. सरावाअभावी सीपीआरसारखे कौशल्य काही महिन्यांतच मंदावते, हे प्रशिक्षणशास्त्रात मान्य आहे. म्हणून वेळोवेळी उजळणी व पुनर्परीक्षा आवश्यक मानली जाते. केवळ तपासणीच्या दिवशी दाखवण्यासाठी मिळवलेले प्रमाणपत्र, कुलूपबंद पेटी आणि रजेवर गेलेला किल्लीधारक या तीन गोष्टी एकत्र आल्या, तर कायद्याचे पालन कागदावरच राहते. उलट, पेटीत फार काही नसले तरी धोका ओळखणारी, मदत मागवणारी आणि रुग्णवाहिका येईपर्यंत छातीवर दाब देत राहणारी एक प्रशिक्षित व्यक्ती जवळ असणे जीवनमरणाचा फरक घडवू शकते.

दरवर्षी सप्टेंबर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक प्रथमोपचार दिन पाळला जातो. साखर कारखान्यांच्या दृष्टीने हा दिवस गळीत हंगाम सुरू होण्याच्या थोडा आधी येतो. त्यामुळे नव्या हंगामातील कामगारांचे वर्ग, जुन्या प्रमाणपत्रधारकांची उजळणी आणि पेट्यांची तपासणी यांसाठी तो सोयीचा ठरतो.